भाकरीशेजारचा पेरू

आजारी माणसाला भेटायला जाताना काय न्यावे याचा आपल्याकडे एक अलिखित संकेत ठरून गेला आहे. सफरचंदे न्यावीत. ती परवडत नसतील तर मोसंबी. नाते फारच जवळचे असेल तर शहाळे. पेरूची पिशवी घेऊन दवाखान्याचा जिना चढणारा माणूस मात्र मी अजून पाहिलेला नाही. चुकून एखाद्याने नेलीच, तर रुग्णाच्या उशाशी बसलेली आत्या त्या पिशवीकडे अशा नजरेने बघेल, की जणू पाहुण्याने तिच्यातून खोकलाच आणला आहे. पूजेच्या पाच फळांत पेरूला जागा मिळते, पोपटाच्या पिंजऱ्यात त्याला मान असतो, शाळेच्या फाटकाबाहेर तिखटमीठ लावून तो राज्य करतो. पथ्याच्या ताटात मात्र त्याला प्रवेश नाही.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पेरू स्वस्त आहे. परसात येतो, बांधावर येतो, पाखराने टाकलेल्या बीमधूनही येतो. जे परसात येते ते औषधी असू शकते, पण प्रतिष्ठित असू शकत नाही, हा आपल्या मध्यमवर्गाचा जुना न्याय आहे. थंड देशातून बोटीने आलेले, अंगावर छोटासा स्टिकर मिरवणारे सफरचंद हे खरे फळ. पेरू हा खाऊ.

आता हिशेब मांडून पाहू. शंभर ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व असते पाच मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच संत्र्यात ४० ते ५०. आणि तेवढ्याच पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरते. म्हणजे मुठीएवढ्या अर्ध्या पेरूत एका माणसाची दिवसाची बेगमी होते. तीच बेगमी सफरचंदातून करायची तर दीड किलो सफरचंदे एका बैठकीत खावी लागतील. तसे करणाऱ्याला मग खरोखरच दवाखान्यात भेटायला जावे लागेल. आवळा या बाबतीत पेरूच्याही पुढे आहे, हे कबूल. पण आवळा चवीने पोटभर खाणारा माणूस कुणी पाहिला आहे?

हे फळ मुळात आपले नव्हे. मिरची, बटाटा, काजू, अननस यांच्यासारखेच तेही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आले. 'पेरू' हे नाव त्या नावाच्या देशावरून पडले असे पुष्कळांना वाटते. पण पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नाशपाती, आणि आपला शब्द तिथून आला असे मानतात. गंमत अशी, की उत्तरेतला 'अमरूद' हा शब्दही फारसीतला आणि तिथेही त्याचा अर्थ नाशपातीच. दोन वेगळ्या भाषांच्या माणसांनी या पाहुण्याला पाहिले आणि दोघांनाही एकच ओळखीचे फळ आठवले. विदर्भातली मंडळी त्याला जांब म्हणतात. आमच्या नगर जिल्ह्यात तो पेरूच. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये सरकारदरबारी अहिल्यानगर झाले. माझ्या पिढीच्या तोंडी मात्र अजून 'नगर' येते, वाचकांनी तेवढे चालवून घ्यावे.

नगर-मनमाड रस्त्याने ज्यांनी हिवाळ्यात प्रवास केला आहे त्यांना राहात्याचा पेरू वेगळा सांगायला नको. बाभळेश्वर मागे पडले, की रस्त्याच्या दोन्ही कडांना पाट्या, टोपल्या आणि हातगाड्या दिसू लागतात. शिर्डीला निघालेल्या मोटारी थांबतात, काच खाली होते, भाव होतो, आणि पुढच्या दहा किलोमीटरमध्ये निम्मी पिशवी संपते. या भागाला गोदावरीच्या कालव्याचे पाणी आहे. त्या पाण्यावर ऊस आला, साखर कारखाने आले आणि पेरूच्या बागाही आल्या. बागांतला मुख्य वाण सरदार, म्हणजेच जुन्या लोकांचा 'एल-एकोणपन्नास'. त्यातले 'एल' हे लखनौचे आद्याक्षर. पण वाणाचा जन्म पुण्याचा. १९२७ साली गणेशखिंडच्या फळबाग केंद्रावर डॉ. चीमा यांनी निवड करून तो काढला. पांढरा गर, थोडी खडबडीत साल, आणि गोडीच्या मागे किंचित आंबटपणा. अलीकडे 'व्ही.एन.आर. बिही', 'तैवान पिंक' असे मोठ्या फळांचे वाण आले आहेत. ते दिसायला भारदस्त, टिकायला चांगले. चवीच्या बाबतीत माझे मत जुने आहे आणि ते मी बदलणार नाही.

बँकेच्या नोकरीत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझी त्या पट्ट्यातल्या एका शाखेत बदली झाली होती. तेव्हा राहाता हा स्वतंत्र तालुका नव्हता, कोपरगाव तालुक्यातले मोठे गाव होते. शेतीकर्जाचे काम माझ्याकडे असल्याने पेरूच्या बागा मी आधी कागदावर पाहिल्या आणि नंतर बांधावर. सहा बाय सहा मीटरवर लागवड, एकरी एकशे दहाच्या आसपास झाडे, तिसऱ्या वर्षापासून उत्पन्न, बहार कोणता धरणार, विहिरीला पाणी किती, हे सगळे मी रकान्यांत भरत असे. मृग बहार धरला, की फळ हिवाळ्यात येते. तेच सर्वांत गोड, घट्ट आणि निरोगी. आंबे बहाराचे फळ पावसाळ्यात येते, पाणचट लागते आणि फळमाशीच्या अळ्या त्याला लवकर गाठतात. पेरूबद्दलची आपली निम्मी बदनामी या पावसाळी पेरूने केलेली आहे असे माझे मत आहे.

त्या रकान्यांत एक रकाना मात्र नव्हता. हे फळ शेवटी कोण खाते?

हा प्रश्न मला का पडावा, ते सांगण्यासाठी जरा वळसा घ्यावा लागेल. नगर हा एक जिल्हा नसून दोन आहेत, असे आम्ही नोकरीतली माणसे म्हणत असू. उत्तरेला प्रवरा आणि गोदावरीचे कालवे, ऊस, द्राक्षे, पेरू, डाळिंब. दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी, पारनेर, कर्जत, जामखेड. तिथे पावसाकडे डोळे लावून बसलेली ज्वारी-बाजरी. दिवाळी झाली, की पाथर्डीच्या आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या टोळ्या उसाच्या तोडीसाठी निघतात. त्यांच्यातल्या कित्येक आमच्या उत्तरेच्या कारखान्यांवर उतरतात. सोबत पोरे, कोंबड्या, पांघरुणे आणि बाजरीच्या पिठाचे डबे असतात. पहाटे चारला चूल पेटते, भाकरी थापल्या जातात, चटणी किंवा पातळ कालवण, आणि त्यावर गुळाचा नाहीतर साखरेचा चहा. मग दिवसभर कोयता.

बाजरी हे काही साधे धान्य नाही. तिच्यात लोह भरपूर असते. तांदळाहून कितीतरी जास्त. मग जिथे पिढ्यान् पिढ्या बाजरी खाल्ली जाते तिथल्या बायका फिकट का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे सांगतात, की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण शंभरात जवळजवळ ६९. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले आहेत. रक्त कमी होण्याची कारणे अनेक असतात. जंत, लागोपाठची बाळंतपणे, पाळीतला रक्तस्राव, ताटातल्या इतर उणिवा. पण एक कारण थेट भाकरीत दडलेले आहे.

धान्यातले लोह मोकळे नसते. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोहाला घट्ट धरून ठेवते. आतड्यापर्यंत लोह पोचते, पण रक्तात उतरत नाही. आमच्या भाषेत बोलायचे तर खात्यात शिल्लक आहे, पण पैसे काढायला सही जुळत नाही. वर जेवणाबरोबर चहा प्यायला, की चहातली तुरट द्रव्ये उरल्यासुरल्या लोहालाही अडवतात. मांसातले लोह या कचाट्यातून बरेचसे सुटते. पण ते रोजच्या ताटात किती जणांच्या असते? धान्यातल्या लोहाची अडलेली सही जुळवणारा सर्वांत स्वस्त कारकून म्हणजे क जीवनसत्त्व. ते फायटेटची पकड ढिली करते आणि आतड्याला उचलता येईल अशा रूपात लोह आणून ठेवते. अट एकच. ते त्याच जेवणात हवे. सकाळी नऊला भाकरी आणि दुपारी चारला पेरू, असे केले तर पेरू गोड लागेल, पण सकाळच्या भाकरीतले लोह तोवर वाया गेलेले असेल.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांचे एक काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी निवासी शाळांतली १३ ते १५ वयाची सोळा मुले-मुली त्यांनी घेतली. एके दिवशी नेहमीचे भाताचे जेवण दिले, दुसऱ्या दिवशी त्याच जेवणाबरोबर शंभर ग्रॅम पेरू. लोहावर खूण करून त्याचा माग काढण्याची शास्त्रीय सोय आता आहे. पेरू असलेल्या जेवणातून अंगी लागलेले लोह दुपटीहून जास्त भरले. मुले सोळाच होती, हे विसरू नये. पण तपासणी नेमकी होती, आणि आपल्याला जे विचारायचे आहे तेच तिने विचारले होते.

दुसरा प्रयोग तर आमच्याच जिल्ह्यातला. त्याची जिल्ह्यात फारशी कुणाला वार्ता नाही, याचे मला नवल वाटते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था यांनी मिळून जास्त लोहाची बाजरी तयार केली. 'धनशक्ती' या नावाने ती २०१२ मध्ये महाराष्ट्रात आली. ती खाऊन खरेच फरक पडतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेतले कॉर्नेल विद्यापीठ आणि मुंबईचे एस.एन.डी.टी. यांच्या संशोधकांनी नगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांमधली १२ ते १६ वयाची २४६ मुले-मुली घेतली. अर्ध्यांना साध्या बाजरीच्या भाकरी, अर्ध्यांना या लोहाच्या बाजरीच्या. सहा महिने. सुरुवातीला ज्यांच्या अंगात लोह कमी होते, त्यांच्यापैकी लोहाची बाजरी खाणाऱ्यांची उणीव भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या दीडपटीहून जास्त निघाली. २०१५ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. पुढे २०१८ मध्ये आणखी एक निबंध आला; त्यात या मुलांच्या लक्ष देण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्याही सुधारल्याचे दिसले. दहावीचा निकाल लागल्यावर पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या पालकांनी हे जरूर ऐकावे. डोके रिकामे नसते. कधी कधी रक्त पातळ असते.

म्हणजे लोहाची भाकरी जिल्ह्यातच तयार झाली, जिल्ह्यातच तपासली गेली. ते लोह मोकळे करणारे फळ जिल्ह्यातच, एखाद्या तासाच्या अंतरावर, हिवाळाभर झाडाला लगडलेले असते. दोघे एका ताटात मात्र भेटत नाहीत.

का भेटत नाहीत, याचे उत्तर मला मागच्या डिसेंबरात राहात्याच्या अलीकडे रस्त्यावर मिळाले. पाटी मांडून बसलेली बाई पन्नाशीची असेल. न्याहारीची वेळ होती. फडक्यात दोन बाजरीच्या भाकरी, लाल चटणी, शेजारी स्टीलच्या पेल्यात चहा. तिच्या पुढ्यात पंधरा-वीस किलो पेरू. माझ्या तोंडून निघून गेले, "मावशी, भाकरीबरोबर एखादा पेरू का खात नाही?"

ती हसली. "आमी कुठं खातो भाऊ. इकायला आनलेत."

"एक खाल्ल्याने काय होईल?"

"येक म्या खाल्ला, येक नातीनं खाल्ला, मंग मालकाला काय सांगू?" मग जरा थांबून म्हणाली, "आन् नातीला खोकला व्हतो. थंडीचा पेरू बरा न्हाई."

मी तिच्याकडून दोन किलो घेतले. पेरू देताना पुढे आलेला तिचा तळहात आणि वर बघताना दिसलेली खालची पापणी दोन्ही पांढुरकी होती. मी डॉक्टर नाही. पण ही खूण ओळखायला डॉक्टर व्हावे लागत नाही.

तिच्या दोन्ही वाक्यांचा विचार करायला हवा. पहिले वाक्य पैशाचे आहे. त्यावर शेवटी बोलू. दुसरे वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरातले आहे. पेरूने सर्दी-खोकला होतो, ही समजूत शहरातल्या शिकलेल्या घरांतही तितकीच पक्की आहे. सर्दी विषाणूंमुळे होते आणि त्या विषाणूंचा मोसम हिवाळा. पेरूचाही मोसम तोच. दोघे एकदम येतात म्हणून एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी बसले. कुणाचा घसा आधीच धरलेला असेल आणि त्यावर तिखटमीठ माखलेला अर्धकच्चा पेरू खाल्ला तर खवखव वाढेल, हे खरे. पण त्यात तिखटाचा वाटा किती आणि पेरूचा किती? क जीवनसत्त्वाने सर्दी बरी होते, असा उलट दावाही करू नये. नेहमी घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर ओसरते, एवढेच काय ते अभ्यासांतून दिसते.

दुसरी भीती बियांची. पेरूची बी अपेंडिक्समध्ये अडकते, असे आपल्याला लहानपणी सांगितलेले असते. फळाच्या बीमुळे अपेंडिक्स सुजल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत सापडतात, पण इतकी विरळा, की त्या भीतीने पेरू सोडणे म्हणजे वीज पडेल म्हणून पावसाळाभर घरात बसणे. या बिया आणि भोवतीचा गर मिळून पेरूत चोथा भरपूर असतो, शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅमहून जास्त. निवृत्तीनंतर सकाळी ज्यांचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो, त्यांना याचे मोल कळेल. त्याच चोथ्यामुळे पेरूतली साखर रक्तात सावकाश उतरते. म्हणून मधुमेह असलेल्यांनाही तो बेताने, अर्धा-एक, चालतो. साल काढू नये. क जीवनसत्त्व सालीत आणि तिच्या लगतच्या गरात सर्वांत जास्त असते. फळ धुवावे मात्र चांगले, कारण माशीसाठी फवारण्या होतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेरूच्या वाटेला जाऊ नये. त्यात पोटॅशियम बरेच असते. आणि रक्तदाब असलेल्यांनी पेरूला नव्हे, वरच्या मिठाला भ्यावे.

इथवर आल्यावर माझे काही हितचिंतक मला पुढचेही लिहायला सांगतील. पेरूच्या पानांचा काढा, पेरूने उतरणारे कोलेस्टेरॉल, पेरूने बरा होणारा अमुक आणि तमुक. पानांच्या बाबतीत थोडे तथ्य आहे. जपानमध्ये जेवणानंतरची रक्तातली साखर फार चढू नये म्हणून पेरूच्या पानांच्या चहाला २००० साली सरकारी मान्यता मिळाली. दाढ दुखली, तोंड आले, तर कोवळी पाने चावायला देणाऱ्या आपल्या आज्या अगदीच अडाणी नव्हत्या. कोलेस्टेरॉलसाठी मात्र मुरादाबादच्या, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका अभ्यासाचा दाखला ठिकठिकाणी दिला जातो. रोज पेरू खाणाऱ्यांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरल्याचे त्यात म्हटले होते. तिथल्याच संशोधकांच्या दुसऱ्या एका अभ्यासाबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००५ मध्ये जाहीरपणे शंका नोंदवली. पेरूचा अभ्यास त्यामुळे खोटा ठरत नाही. पण ज्याच्या एका कागदावर शेरा पडला आहे त्याच्या दुसऱ्या कागदावर कर्ज देताना मी दुसरा जामीन मागितला असता. पेरूची बाजू मजबूत असताना ती लटक्या साक्षीदारांनी कमकुवत का करावी?

बागांची स्थितीही सांगायला हवी, कारण फळच राहिले नाही तर हे सगळे बोलणे व्यर्थ आहे. ज्या बागांचे कागद मी तयार केले, त्यांतल्या बऱ्याच आज उभ्या नाहीत. झाडे म्हातारी झाली. मर रोगाने उभी झाडे वाळली. मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनी नवीन लागवडींनाही जेरीला आणले. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांच्या मातीतूनच पुष्कळदा ही कीड येते, त्यामुळे स्वस्त रोप फार महाग पडते. मध्ये डाळिंबाची लाट आली, डाळिंबावर तेल्या आला, मग काहीजण पुन्हा पेरूकडे वळले. शिर्डीजवळ २०१७ मध्ये विमानतळ झाला आणि आसपासच्या जमिनीचे भाव पेरूच्या हिशेबात बसेनासे झाले. बागाईतदाराला मी दोष देत नाही. ज्या फळाला आपण दवाखान्यात नेण्याच्या लायकीचे समजत नाही, त्याला बाजार तरी कशाला डोक्यावर घेईल?

आता त्या मावशीच्या पहिल्या वाक्याकडे येतो. इकायला आनलेत. तिने पेरू खावा असे तिला सांगणे सोपे आहे, आणि फुकटही आहे. तिच्या नातीच्या ताटात तो पोचवायला मात्र कुणीतरी वाट करून द्यावी लागेल. ती वाट शाळेतून जाते. शाळेत दुपारी शिजवलेले जेवण मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने त्या आहारात आठवड्याला एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी, असे ठरवले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला आणि हवे तर लोकवर्गणीतून द्या असे शाळांना सांगण्यात आले. लोकवर्गणी या शब्दाने मी सहसा सावध होतो, कारण ती बहुधा गरिबांकडूनच गोळा होते. पण पेरूच्या बाबतीत ती खरेच बागाईतदाराकडून येऊ शकते. तोडणीनंतर प्रतवारी होते तेव्हा थोडा डाग पडलेले, आकाराने लहान, वाकडे असे फळ बाजूला पडते. मुंबईला जाणाऱ्या खोक्यात ते बसत नाही, बसवले तर त्याचे भाडेही सुटत नाही. त्यातले क जीवनसत्त्व मात्र पहिल्या प्रतीच्या फळाइतकेच असते. किडके आणि माशी लागलेले तेवढे काढून टाकायचे.

हिशेब करून पाहिला. एका मुलाला शंभर ग्रॅम, म्हणजे मध्यम पेरू दोघांत एक. दोनशे पोरांच्या शाळेला वीस किलो. भाजीबाजारातला एक प्लॅस्टिकचा क्रेट. आठवड्यातून दोन दिवस द्यायचे ठरवले तर दोन क्रेट. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडतात तेव्हापासून जानेवारीअखेरपर्यंत साधारण दहा आठवडे मृगाचे फळ असते. वीस क्रेट. त्या पट्ट्यातल्या कोणत्याही चांगल्या बागेत एवढा दुय्यम माल हंगामात निघून जातो आणि त्याची नोंदही होत नाही. तोडकऱ्यांची मुले त्या महिन्यांत गावोगावच्या शाळांत, निदान कागदावर, दाखल असतात. कारखान्याच्या तळावरही हाच क्रेट जाऊ शकतो. आणि मुलामुलींना शाळेत आठवड्याला लोहाची जी गोळी मिळते, तिच्याबरोबर पेरूची फोड दिली तर ती गोळी घशाखाली उतरेल तरी.

एका मुख्याध्यापक मित्राशी बोललो. त्याने दोन शंका काढल्या. खोकला झाला तर पालक भांडायला येतील, ही पहिली. त्यावर मी म्हटले, पालकसभेत एकदा डॉक्टरांना बोलव आणि सभेतच पेरू कापून सगळ्यांना दे. दुसरी शंका चहाची. आमच्याकडे पाचवीतली पोरेही सकाळी भाकरी चहात बुडवून खातात, ते कसे थांबवायचे? याला माझ्याकडे पुरते उत्तर नव्हते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा, एवढे घरोघर सांगता येईल. सांगून किती ऐकतील ते त्या घरातल्या थंडीवर आणि भुकेवर अवलंबून आहे.

घरातल्या वाचकांसाठी एक सोपी कोशिंबीर सांगतो, कारण रविवार आहे आणि अजून स्वयंपाक व्हायचा असेल. घट्ट, नुकता पिवळट होऊ लागलेला पेरू सालीसकट बारीक चिरायचा. बियांचा मधला गोळा आवडत नसेल तर काढा. दाण्याचे कूट, कोथिंबीर, चिमूट साखर, बेताचे मीठ, वर लिंबू. फोडणी हिंग-जिऱ्याची, हिरवी मिरची घालून, पण ती निववून मग ओतायची. पेरू शिजवला, की क जीवनसत्त्व उडते. दही मुद्दाम घातलेले नाही. बाजरीची गरम भाकरी, मेथीची भाजी आणि ही कोशिंबीर. चहा नंतर, तासाभराने.